एकशे चौदा खोल्यांची यादी

गुणवंती घाडीने एका दुपारी एक्याण्णव माणसं मारली आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. पडद्यावर एक ओळ आली, ‘९१ ठिकाणी बदल केला’, तेव्हा कुठे तिने हात थांबवला.

लालबागला गिरणीच्या चाळीत कामगारांच्या समितीचं ऑफिस होतं, म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. संपाला तेरा वर्षं झाली होती. गिरणी बंदच होती आणि मालकाला आता चाळही रिकामी हवी होती. चाळ वाचवायची तर कोर्टात यादी द्यायची होती: एकशे चौदा खोल्या, खोली ज्याच्या नावावर तो कामगार, आणि पुढे ‘हयात’ किंवा ‘मयत’. हयात असेल त्याने स्वतः येऊन सही करायची. मयत असेल तर वारसाचं नाव घालायचं. दोन्ही नाही जमलं तर खोली यादीतून गेली.

यादी गुणवंतीच टाइप करायची. नवरा नाहीसा झाल्यावर ती दादरला मराठी टायपिंग शिकली होती, आणि समितीने कुठून तरी जुना कॉम्प्युटर मिळवला तेव्हा तो तिच्यापुढे ठेवला गेला. त्यातला मराठीचा प्रोग्राम दादरच्याच एका नाबर नावाच्या गृहस्थाने लिहिलेला होता.

त्या दिवशी खोली नंबर बावन्नचा शिवा वारल्याची खबर आली. तिने ‘हयात’ शोधायला लावलं, त्याजागी ‘मयत’ घालायला सांगितलं. पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, ‘बदला’ आणि ‘सगळे बदला’. बोट दुसरीवर पडलं.

आधीचे मयत आणि आत्ताचे मयत एकमेकांत मिसळून गेले. उलट फिरवायची सोय नव्हती. सगळे हयात करावेत तर खरे मेलेलेही उठून बसले असते. छापील यादी होती, पण वर्षापूर्वीची, आणि मधल्या वर्षात बरेच जण गेले होते.

समितीचे अप्पा एकेकाळी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“सोमवारच्या पुढच्या सोमवारी तारीख आहे,” ते म्हणाले. “बोलवून घेऊ एकेकाला. जो येईल तो जिवंत.”

मग चार दिवस दारात बाकडं टाकलं गेलं. माणसं यायची, समोर उभी राहायची, गुणवंती वहीत खूण करायची. सदतीस नंबरचा विठोबा कांदळकर काठी आपटत आला.

“काय गो, मी मेलंय म्हणतत?”

“चुकून झालं, विठोबाकाका.”

“मारूच्या आधी माझ्या बायलेक तरी इचारूक व्हया होता. ती वीस वर्सां वाट बघता हा.”

बाकड्यावरचे हसले. गुणवंतीने खूण केली. तिला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. इतक्या लोकांना जिवंत ठरवताना हाताला काही जाणवत नव्हतं.

पाचव्या दिवशी नाबर आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात फ्लॉपीचा डबा.

“बाई, चुकीची चौकट दाबलीत तुम्ही.”

“दोन्ही शेजारी ठेवल्या कोणी?”

नाबरांनी डबा टेबलावर ठेवला. मग स्टूल ओढून बसले. “बरं. तुम्ही सांगा. कसं हवं होतं?”

कुणी तिला असं कधी विचारलं नव्हतं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. “आकडा आधी सांगायला पाहिजे. तुमचा प्रोग्राम मारून झाल्यावर सांगतो किती मेले. आणि नुसता शब्द दाखवतो. शब्द काय करायचाय? कुणाच्या नावापुढचा आहे ते दिसलं पाहिजे. अख्खी ओळ. तिथे थांबायचं, विचारायचं, मग पुढे जायचं.”

“एकशे चौदा वेळा विचारलं तर कंटाळाल.”

“कंटाळू दे.”

नाबरांनी लिहून घेतलं. मागे फिरायची वाटही हवी, हे त्यांनी स्वतःच खाली लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. शनिवारी ते नवी फ्लॉपी देऊन गेले.

गुणवंतीने यादी उघडली, वही शेजारी ठेवली. ‘मयत’ शोधायला लावलं. एकशे चौदा जागा, पडद्याने आधीच सांगितलं. मग पहिली ओळ वर आली, नाव, खोली, खातं, आणि खाली ‘बदला’, ‘राहू द्या’. वहीत खूण असली की बदला. नसली की राहू द्या. माणसं एकेक करून उठत होती. विठोबा उठला. शिवा तसाच राहिला.

एकसष्टाव्या जागी पडदा थांबला. राजाराम घाडी, खोली एकसष्ट, साचाखातं. मयत.

संपाच्या दुसऱ्या वर्षी तो गावाला जातो म्हणून निघाला आणि गावाला पोचलाच नाही. वकील दोन वर्षं सांगत होते, सात वर्षं पत्ता नसलेल्याला मयत धरता येतं, पण तसं घरच्यांनी लिहून द्यायला हवं. तिने कधी दिलं नव्हतं. दर यादीत तिने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे हयात लिहिलं होतं. खोलीचं काय होणार, ते तिला माहीत होतं.

वहीत त्याच्या नावापुढे खूण नव्हती. चार दिवस बाकड्याकडे तिने मान वर करून पाहिलं होतं, प्रत्येक वेळी कुणी दुसराच उभा होता.

ओळ तशीच उभी होती. घाई करत नव्हती, काही सुचवत नव्हती. चुकून झालेलं ते एक काम होतं. हात न लावता सोडलं तर तिने केलं असं होत नव्हतं. पण आता पडदा तिलाच विचारत होता.

“अडलं काय?” अप्पांनी पेपरातून विचारलं.

“एकसष्ट.”

अप्पांनी पेपर खाली केला नाही. “त्याला जिवंत ठेवलंस तर सोमवारी सहीला आणावं लागेल, पोरी.”

“हो.”

तिने ‘राहू द्या’वर बोट ठेवलं आणि दाबलं. बासष्टावा वर आला. ती मागे गेली, एकसष्टच्या रिकाम्या रकान्यात वारस म्हणून स्वतःचं नाव घातलं, नातं पत्नी. टायपिंगची एकही चूक झाली नाही.

कागद छापून झाल्यावर अप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग तिच्या कपाळाकडे बघून, हळूच, “आणि कुंकू?”

“त्याचा रकाना नाही, अप्पा,” ती म्हणाली, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.