मेला म्हणजे बाद

जवळा बाजारचा तातेराव शिकला सातवीपर्यंत, पण त्याचा आवाज मॅट्रिक झालेला आहे, असं लोक म्हणायचे. परभणी जिल्ह्यातून हिंगोली अजून फुटून निघाली नव्हती, तेव्हापासून तो बाजाराच्या दिवशी बैलगाडीला भोंगा बांधून फिरायचा. कुणाची शेळी हरवली, कुठं सरकी आली, शाळेत लेकरांना डोस कधी पाजणार, सगळं गावाला तातेरावच्या तोंडून कळायचं. एकदा त्यानं सापडलेल्या म्हशीचं असं काही वर्णन केलं, की म्हैस एक आणि मालक तीन आले. तिघंही शपथेवर सांगायला लागले, हीच आमची. शेवटी म्हशीचं दावं सोडलं, तर ती चौथ्याच्याच दारात जाऊन उभी राहिली!

पण तातेराव खरा फुलायचा तो जत्रेतल्या कबड्डीला. बाजारतळ पाणी मारून चोपायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या. कडेनं गाड्या, गाड्यांवर माणसं, माणसांच्या खांद्यावर लेकरं. आणि टेबलावर तातेराव, शॉक बसू नये म्हणून माइकला रुमाल गुंडाळून. टीव्हीवर क्रिकेट चालू असलं तरी लोक टीव्ही बंद करून यायचे. खेळ पाहायला कमी, तातेरावला ऐकायला जास्त.

त्याचा हुकमी शब्द होता ‘मेला’. शहरात बाद म्हणतात, आउट म्हणतात. आपल्याकडं हुतुतूच्या काळापासून गडी मरतोच. हात लागला, मेला. पकडला, मेला. शाळेतले खेळाचे सर एकदा म्हणाले, “तातेराव, बाद म्हणत जा हो. मेला काय, अभद्र वाटतं.”

“सर, बाद मतपत्रिका व्हती,” तातेराव म्हणाला. “गडी मरतो, अन् मेलेला गडी उठून पुन्हा डाव खेळतो. असा खेळ दुसरा दाखवा बरं मला.”

एका जत्रेत तर कहर झाला. डोंगरकडा गावच्या संघाच्या कॅप्टनचं नुकतंच लग्न झालेलं. नवी नवरी पाहुण्यांच्या घरी भाकरी थापत होती. भोंग्यातून आवाज आला, “मेला! मेला! डोंगरकड्याचा कॅप्टन मेला! उचला रं!” बिचारी पिठाच्या हातानं ऊर बडवत थेट मैदानात. कॅप्टन आपला कडेला बसून संत्र्याची फोड चोखतोय. गाव पोट धरून हसलं, नंतर नवरीही हसली. आणि त्या दिवसापासून तातेराव एक ‘मेला’ म्हणायच्या जागी तीन म्हणायला लागला.

पुढं त्या मैदानात संतराम आला. साखऱ्याच्या बाजूच्या तांड्यावरचा, ऊसतोडीला जाणारा, काटकुळा, लांब हातांचा. दिसायला काही नाही, पण दम असा, की एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो पलीकडं जायचा, दोघांना शिवायचा, वरून समोरच्या कॅप्टनकडं पाहून हसायचा आणि परत यायचा, तरी दम शिल्लक. तातेराव त्याचा भक्तच झाला. संतरामच्या चढाईला तो माइक तोंडापासून दूर धरायचा आणि म्हणायचा, “ऐका, नुसता दम ऐका.”

दोन हजार आठच्या जत्रेत फायनलला डोंगरकडा आणि संतरामचा संघ समोरासमोर आले. सामन्याआधी संतराम टेबलापाशी आला.

“मामा, आज मला मारू नका बरं.”

“मी कुठं मारून राहिलो लेका? मारतात डोंगरकड्याचे. मी नुसतं सांगतो.”

दोघं हसले. तातेरावनं त्याच्या पाठीत थाप घातली. पुढं कितीदा तरी तो तळहात त्यानं धोतराला पुसला असेल.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. संतराम आत गेला, कोपऱ्यातल्या गड्याला शिवला, वळला, आणि रेषेपाशी येता येता डोंगरकड्याच्या सगळ्यांनी मिळून त्याच्यावर उडी घेतली. फुफाटा उठला. त्या धुरळ्यात चुन्याची रेषा कुठं, हात कुठं, पाय कुठं, कुणाला काही दिसेना. पण तातेरावला थांबणं ठाऊक नव्हतं. लोक त्याच्या तोंडाकडं पाहत होते. त्यानं छाती भरून घेतली आणि भोंगा फाटेस्तोवर ओरडला, “मेला! मेला! संतराम मेला! हलगी वाजवा!”

त्याच्या आवाजावर पंचानं हात वर केला. हलगी कडाडली. फेटे उडाले. ढिगातले गडी एकेक करून हसत उठले, अंग झटकून बाजूला झाले. खालचा उठला नाही.

“ऊठ की रं,” तातेराव माइकमध्ये म्हणाला. “डाव संपला, ऊठ.”

जीपमध्ये घालून त्याला हिंगोलीला न्यायला निघाले. औंढ्याच्या पुढं काही न्यावं लागलं नाही. मानेवर भार आला, असं डॉक्टर म्हणाले. कुणाचा दोष नाही, असंही म्हणाले.

त्या साली गावात कॅमेऱ्याचे मोबाईल नवे नवे आले होते. रेषेपाशी उकिडवं बसून कुणीतरी ती चढाई मोबाईलात धरली होती. ती क्लिप या फोनातून त्या फोनात गेली. वसमतला गेली, कळमनुरीला गेली. गाणी भरून देणाऱ्या दुकानांत मेमरी कार्डात आपोआप पडायला लागली. पुढं कुणीतरी चित्र कापून नुसता आवाज ठेवला आणि त्याची रिंगटोन झाली. ज्याला संतराम माहीत नाही, तो मेला म्हणजे खरंच मेला हे माहीत नाही, त्याला ते ऐकून हसूच येणार.

तातेरावनं ती पहिल्यांदा ऐकली चहाच्या हॉटेलात. उन्हाळ्यात वीस षटकांचे सामने चालू होते. टीव्हीसमोर गर्दी. गडी बाद झाला आणि कोपऱ्यातल्या पोरानं फोन उंच धरला. “मेला! मेला! संतराम मेला! हलगी वाजवा!” सगळं हॉटेल खदखदून हसलं.

तातेरावनं हातातली बशी खाली ठेवली. “बंद कर ते.”

“काहून मामा? तुमचाच तर आवाज हाय. फेमस झाले तुमी!”

“पुसून टाक म्हणलं ना.”

“माझ्यातून पुसतो. नांदेडला माझ्या मेव्हण्याच्या फोनात हाय, त्याचं काय करता?”

तेव्हापासून तातेरावचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. एसटीत बसावं, तर मागच्या सीटवरून त्याचाच आवाज यायचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात घ्यावी, तर कुणाच्या तरी खिशात संतराम मरायचा. विहिरीवर, दळणाच्या रांगेत, मयतीलासुद्धा! तो ज्याला त्याला पुसून टाकायला लावायचा, आणि सांडलेली मोहरी वेचावी तसं व्हायचं. भोंगा त्यानं माळ्यावर टाकला. घरात बोलणं कमी केलं. शेळीला हाकसुद्धा मारेना, चुटकी वाजवायचा.

बायको आशाबाई एकदा वैतागून म्हणाली, “जलमभर तुमचं तोंड बंद व्हावं म्हनून देवाला साकडं घातलं. पर असं न्हवतं मागितलं मी.”

“आशा, त्याच्या मायच्या कानावर गेलं तर?”

“म्हंजे?”

“तांड्यावर कुणीतरी फोन वाजवील. तिला ऐकू येईल, तिच्या लेकरावर मी हलगी वाजवायला सांगून राहिलो ते.”

तातेरावला आता दुसरं काही सुचत नव्हतं. जगात कुठंही वाजो, फक्त संतरामच्या मायच्या, जमनाबाईच्या कानावर जाऊ नये. डोळा लागला, की त्याला तांडा दिसायचा आणि तांड्याकडं चालत जाणारा आपलाच आवाज दिसायचा. आवाजाला पाय असतात हे त्याला पन्नाशीला कळलं.

शेवटी तो उठला आणि गाड्या बदलत साखऱ्याला गेला. तिच्या घरच्यांना हात जोडून सांगायचं, की तांड्यावर कुणाच्या फोनात असेल तर पुसा, म्हातारीला कळू देऊ नका.

संतरामचा सेवा नावाचा थोरला भाऊ कामाला गेला होता. दारात जमनाबाई एकटीच बसली होती, मांडीवर ओढणीत काहीतरी गुंडाळून. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. तातेराव उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला, “जमनाबाई, मी जवळा बाजारहून आलो.”

तिनं मान वर केली. चेहऱ्याकडं नाही, त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

“तुमी ते मेला म्हननारे.”

तातेराव तिथंच उंबऱ्याबाहेर बसला. तिनं ओढणी उलगडली. आत चायनाचा मोबाईल होता, मोठ्या आवाजाचा. सेवा तो तिच्याजवळ ठेवून जायचा.

“रोज ऐकते मी,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी न्हाई. त्याचा दम हाय यात. कबड्डी कबड्डी म्हनतो ना, तेवढंच त्याचं बोलनं राहिलं माझ्यापाशी. मंग तुमी ओरडता. मी अंगठा ठिवते वर, तुमचं तोंड दाबते.”

“पुसून टाका बाई. हात जोडतो.”

“तुमाला पुसलं तर तो बी पुसल.”

तांड्यावर कोंबड्या फिरत होत्या. बाजूच्या घरी कुणी मिरची कुटत होतं, त्याचा ठसका इथपर्यंत येत होता. जमनाबाई फोन पुढं करून म्हणाली, “पोरं म्हनतात त्याचा हात रेषेला लागला व्हता. मला खेळातलं कळत न्हाई. तुमाला कळतं. पाहा अन् सांगा. माझा लेक हरून गेला का?”

इतके महिने तातेराव त्या क्लिपपासून पळत होता. आवाज शंभर ठिकाणी ऐकला, पण चित्र एकदाही पाहिलं नव्हतं. आता तिचा हात पुढं आलेला, नाही कसं म्हणणार? त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला.

धुरळा. अंगावर अंग. ढिगाखालून एक लांब हात बाहेर आला, बोटं मातीत रुतवत पुढं सरकला, आणि चुन्यावर टेकला. पांढरा ठसा उमटला. तेवढ्यात तातेरावचं “मेला! मेला!” सुरू झालं. जमनाबाईनं अंगठा ठेवला नाही. आणि त्या आरोळीच्या खाली, विहिरीच्या तळातून यावा तसा, बारीक, घोगरा आवाज चालूच होता. कबड्डी. कबड्डी. कबड्डी. ‘संतराम मेला’ म्हणेपर्यंत संतराम बोलत होता.

तातेरावनं फोन कानाशी नेला. त्यानं क्लिप पुन्हा लावली, पुन्हा पाहिली.

“बोला ना भाऊ.”

“लागला व्हता,” तो म्हणाला. “हात लागला अन् दम बी चालू. ज्यांनी धरलं ते समदे बाद. डाव त्यानं मारला व्हता, बाई.”

“बराबर पाहिलं?”

“बराबर.”

“मंग तुमी मेला काहून म्हनले?”

माणसं तोंडाकडं पाहत होती म्हणून म्हणालो, हे तातेरावनं कसं सांगावं? जमनाबाईनं फोन परत ओढणीत गुंडाळला.

“ज्या तोंडानं म्हनले, त्या तोंडानं आता हे बी म्हना,” ती म्हणाली. “जितं म्हनले, तितं. मी ऐकाया येते.”

पुढच्या बाजाराला तातेरावनं माळ्यावरून भोंगा काढला. आशाबाईनं न विचारता तो फडक्यानं पुसून दिला. बाजारतळावर पालं पडली होती, सोयाबीनची पोती लागली होती. साखऱ्याहून इतक्या लांब बाजाराला कुणी येत नाही, पण पिंपळाखाली जमनाबाई उभी होती, जवळ सेवा.

“ऐका हो ऐका,” तातेराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “जत्रेच्या फायनलला संतराम बाद न्हवता. त्याचा हात रेषेला लागला व्हता. दम चालू व्हता. मी चुकीचं सांगितलं.”

लोक क्षणभर थांबले आणि पुन्हा भाव करायला लागले. कांदेवाला म्हणाला, “मामा, त्याचं आता काय लोणचं घालता? आमच्या कांद्याचं सांगा की जरा!” आणि मिरचीच्या पालातून कुणीतरी गंमत म्हणून क्लिप लावली. चार जण हसले.

तातेराव माइकसकट गाडीवरून उतरला. पालात गेला, त्या पोराच्या हातातून फोन घेतला, क्लिप पहिल्यापासून लावली आणि माइक फोनला टेकवला.

भोंग्यातून बाजारभर दम फिरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग त्याचीच आरोळी आली, एवढी मोठी, की बैलांनी कान टवकारले. आणि तिच्या खाली तो दुसरा आवाज. तागडी धरलेले हात तसेच राहिले. कांदेवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. ज्यांनी ज्यांनी ती क्लिप हसत ऐकली होती, त्यांना आज ते खालचं ऐकू आलं. हलगी वाजली आणि दम मध्येच तुटला. भोंगा नुसता खरखरत राहिला.

पोरानं फोन परत मागितला नाही. तातेराव पिंपळाकडं पाहत उभा होता. आता ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर निघून जाईल, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. जमनाबाई गर्दीतून वाट काढत आली आणि फोनवर, लहान लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, हात ठेवला.

“भाऊ,” ती म्हणाली, “अजून एकदा लावा.”

तातेरावनं डोळे मिटले आणि माइक पुन्हा फोनला टेकवला.