चिंच लावलेलं तांबं

दोन हजार तेवीस साल, आणि मी एकोणऐंशी वर्षांचा. ऑक्टोबरातलं कॉव्हेंट्रीचं ऊन पातळ तुपासारखं वाफ्यांवर पसरलं होतं. त्या उन्हात, ओल्या मातीच्या आणि कुजत्या पानांच्या गंधात, अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्यानं घेतलेल्या तुकड्यावर, बटाटे काढताना एक हिरवट चकती हाताला लागली, नखाएवढी. माझ्यापाशी राहणारी नात, ईरा, तिनं फोटो काढून म्युझियमला पाठवला आणि ती कामाला गेली.

तांबं हिरवं राहू देणं म्हणजे घराची लाज. देवातलं ताम्हन आईनं कधी तसं ठेवलं नाही. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, अंगठ्यानं घासत बसलो. आंबट वास घरभर झाला आणि चकती उगवत्या बिंबासारखी लाल उजळली. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तिन्हीसांजेला ईरा परतली. "आजोबा, ते कॉइन नाही, टोकन आहे. साडेतीनशे वर्षं जुना. तेव्हा सुट्टे मिळायचे नाहीत, म्हणून कॉफी हाउसवाले स्वतःचे बनवायचे. मध्ये कॉफी ओतणारा हात, कडेला मालकाचा नाव. म्युझियमवाले ते उद्या वाचणार. फक्त क्लीन नाही करायचं, हं. नाव त्या हिरव्या लेयरमध्येच असतो."

"कोण करतंय क्लीन," मी म्हणालो.

"तुम्हीच. माझे शूजपण न विचारता पॉलिश करता."

खिशातल्या चकतीवरून मी बोट फिरवलं. तिच्यावरचा हात उरला होता, कॉफीच्या धारेसकट, चौथी शिकलेल्या मलाही वाचता येईल असा. कड मात्र गुळगुळीत. इतक्या पावसांनी, इतक्या बर्फांनी जे नाव सांभाळलं, ते मी दुपारच्या चहाआधी पुसलं होतं. वाफ्यात पडलं म्हणून सांगावं, असं मनात येऊन गेलं. भय होतं पोरीच्या नजरेतून उतरण्याचं. आणि त्याच्या तळाशी दुसरं, अधिक थंड. फाउंड्रीत तीस वर्षं ओतलेल्या लोखंडावर माझं नाव कुठे नाही; उरलंय ते हिच्यापाशी. तेही कुणी असंच, मायेनं, घासूनपुसून लख्ख केलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी टेबलावर रुमाल पसरला, त्यावर चकती ठेवली आणि शेजारी चिंचेच्या चोथ्याची वाटी. वाटी धुतली नाही.