पांढरी फरशी

बाबांची सगळी नोकरी इंझोरीकडच्या शाळांमध्ये, खडूच्या धुळीत गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी वाशीमला घर बांधलं आणि बैठकीत पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी बसवली. तेव्हापासून धुळीशी त्यांचं वैर सुरू झालं.

दारात दोन पायपुसणी असायची, एक ओलं आणि एक कोरडं. पाहुण्यानं चपला बाहेर काढायच्या, क्रमानं दोन्हींवर पाय पुसायचे आणि मग भिंतीच्या कडेकडेनं खुर्ची गाठायची. आई वैतागून म्हणायची, "लोकं घरी येऊन राह्यले का दवाखान्यात?" बाबांना ती शाबासकी वाटे.

समोर गाद्या भरणाऱ्या चाचांचं दुकान होतं. संध्याकाळी ते आमच्याकडे पेपर वाचायला यायचे. एकदा ते बसलेले असतानाच बाबा वाकले, त्यांच्या पायाशी पडलेला कापसाचा पुंजका उचलला आणि मुकाट्यानं खिशात टाकला. दुसऱ्या दिवसापासून चाचा आले नाहीत. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. "आता कसं शांत वाटते," बाबा म्हणत. पण फाटक वाजलं की मान त्यांचीच आधी वर व्हायची.

एका दुपारी आईनं नुकतीच फरशी पुसली होती. कोपऱ्यात राहिलेला डाग बघायला बाबा उठले आणि घसरून पडले. मी खांद्याला धरलं तर किंचाळले. आई समोरच्या दुकानाकडे मदतीला हाक मारत धावली. चाचा आणि नाक्यावरचे दोघे ऑटोवाले पळत आले आणि दारात थबकले. चाचांनी चपला काढल्या, ओल्या पायपुसण्यावर एकेक पाय पुसला, मग कोरड्यावर. ऑटोवाले मागे रांगेत उभे!

बाबा पडल्या पडल्या हे बघत होते.

"अरे, या ना तसेच! पाय कायले पुसून राह्यले?"

"तुमीच तं सांगतलं होतं, गुरुजी," चाचा घाबरून म्हणाले.

उचलायला स्ट्रेचर नव्हतं. चाचांनी दुकानातून नवीकोरी गादी आणली. एका गिऱ्हाइकानं मुलीच्या लग्नासाठी भरून घेतलेली.

"खराब होईल ते," बाबा कण्हत म्हणाले.

"होऊ द्या. गादी निजायलेच असते."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर बाबांची खाट बैठकीतच टाकली. लोक येऊ लागले. कुणी शेतातून थेट चिखलाच्या पायांनी आलं, कुणाच्या हातून चहा सांडला. पहिले काही दिवस बाबांची नजर त्या डागांवरच असायची. मग एकदा आई फडकं घेऊन आली तर म्हणाले, "राहू दे. गप्पा चालू आहेत ना."

ते गिऱ्हाईकही आलं, आपली गादी कुणी पळवली ते बघायला. चांगलं तावातावानं आलं. बाबांनी माफी मागितली, चहा मागवला, मुलगी कितवी शिकली ते विचारलं. तो माणूस दिवेलागणीपर्यंत बसला आणि जाताना लग्नाचं आमंत्रण देऊन गेला.

बाबा वॉकर घेऊन त्या लग्नाला गेले. मंडप रिकामा झाला तरी उठेनात. एका अनोळखी म्हाताऱ्याशी त्यांचं बोलणं रंगलं होतं.