घाटाकडून पळणारा भाचा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मामीचे आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. साकोलीहून बी. ए. होऊन सानगडीला परतलो, तेव्हा घरी पेढे वाटले गेले. पुढे काय करायचं, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मामीला होतं. "पोलीस भरतीची तयारी कर. आमच्याकडं राहा," असं म्हणून ती मला पवनीला घेऊन गेली. हातमागाच्या खोलीतच माझी खाट टाकली. मामा विणायचा, मामी सुताच्या कांड्या भरायची आणि मी पळायचो.

वैनगंगेकाठच्या या गावात उजाडायच्या आधीच रस्त्यावर गर्दी असते. काही लोक नदीवर अंघोळीला निघालेले असतात, काही पोट्टे भरतीसाठी पळत असतात आणि उरलेले ओट्यांवर बसून पळणाऱ्यांना सल्ले देतात. किल्ल्याच्या जुन्या दरवाजापासून निघायचं, बाजारातून विणकरांच्या गल्लीत शिरायचं, मग देवळांमागून देवळं ओलांडत वैजेश्वराच्या घाटावर थांबायचं. हे अंतर सोळाशे मीटर होतं. कोणीतरी ते मोटारसायकलवर मोजलं होतं. घाटावर डुबकी मारायची आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून रमतगमत परतायचं, अशी रीत होती. मी पवनी पाहिली ती अशी, धापा टाकत.

दरवाजापाशी बसणारे एक म्हातारबुवा रोज म्हणायचे, "काहून पळून राहिला रे भाऊ? मागं कुत्रा तरी लागू दे."

माझा वेग सगळ्यांत चांगला होता. "आमचा भाचा म्हणजे हवा आहे हवा," असं मामा बाजारात सांगत सुटला होता.

भंडाऱ्याच्या मैदानावर भरतीची चाचणी झाली आणि ही हवा दुसऱ्याच फेरीत निघून गेली. मागे वळून पाहिलं तर पवनीचे बाकीचे पोट्टे माझ्याच मागे एका रांगेत येत होते, वरातीत चालल्यासारखे. सगळे नापास झालो. परतताना बसमध्ये एकजण म्हणाला, "भंडाऱ्याची हवा जड हाये बाप्पा." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

त्या आठवड्यात मामीची ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी घाटावरून घरी येत होतो. विणकरांच्या गल्लीपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. बादली खाली ठेवून मागे पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की सगळी पवनी नदीकडे कललेली आहे. डोळ्यांना तो उतार दिसत नाही, पायांना कळतो. आम्ही इतके दिवस पळत नव्हतो, घरंगळत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी उलटा पळू लागलो, घाटावरून दरवाजाकडे. पण घाटाच्या बाजूलाच स्मशान आहे, आणि अंधारात नदीकडून पळत येणाऱ्या माणसाचा पवनीत एकच अर्थ होतो. अंघोळीला निघालेल्या दोन बाया वाटेत थांबल्या.

"काय दिसलं रे बाबू?"

मला बोलायला श्वास नव्हता. मी नुसता हात मागे दाखवला.

चहाच्या वेळेपर्यंत मी भूत पाहिल्याचं गावभर झालं. दुपारी त्या भुताला पांढरं लुगडं मिळालं. पुढच्या पहाटे घाटावर चिटपाखरू नव्हतं. बरोबरच्या पोट्ट्यांनी माझ्यासोबत पळायचं सोडलं. शेजारणीने माझ्या खाटेला लिंबू बांधलं, आणि मामाने माग थांबवून हळूच विचारलं, "खरं सांग, पाहिलं का तू?"

"भूत-बित काही नाही मामा. चढ आहे तिथं."

"हाव, पण चढावर काय होतं?"

मला मात्र पळणं थांबवून चालणार नव्हतं. पुढच्या भरतीनंतर वयात बसलो नसतो. तेव्हा मामीच उठली. अंधारात माझ्याबरोबर घाटावर आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "पळ. मी पाहून राहिली." मी पळालो. मागून ती सावकाश चढ चढत, दारादारांत थांबून सांगत आली, "माहा भाचा हाये तो. त्याच्या मागं भूत नाई, भरती लागली हाये." त्यानंतर बाया मला बाजूला होऊन वाट देऊ लागल्या. हळूहळू पोट्टेही उलटे पळू लागले.

पुढच्या भरतीत माझी निवड झाली. म्हातारबुवा म्हणाले, "भूत पाहिलेला पोट्टा, पळणारच."

निघताना बसस्टँडवर मी मामीच्या पाया पडायला वाकलो, तर तिने झटकन पाय मागे घेतले. आमच्याकडे भाच्याने मामा-मामीच्या पाया पडायचं नसतं. उलट तेच भाच्याच्या पाया पडतात. सगळ्या प्रवाशांसमोर ते दोघे माझ्या पाया पडले आणि मी बॅग धरून उभा राहिलो. प्रशिक्षण केंद्रात मोबाइल जमा करून घेतात, म्हणून पहिल्या रविवारी तिला पत्र पाठवलं:

"ती. सौ. मामीस,

पहिल्याच ओळीत तुझ्या पाया पडतो आहे. कागदावर तुला पाय मागे घेता येणार नाहीत. हे पत्र तूच वाच. मामा वाचताना मधेमधे स्वतःचं घालतो.

जेवण बरं आहे, भात कमी मिळतो. मैदान सपाट आहे. पळताना इथे कोणी टोमणे मारत नाही, त्यामुळे करमत नाही. परवा आमच्या कवायतीच्या उस्तादांनी मला सगळ्यांच्या पुढे पळायला लावलं. कुठे शिकलास, असं विचारलं. मी म्हणालो, मामीकडे. ते हसले, पण मी खरंच सांगितलं होतं.

सुट्टीत येईन तेव्हा खाकीत असेन. खाकीतल्या भाच्याने मामीच्या पाया पडू नये, असा काही नियम इथे नाही. मी उस्तादांना विचारून घेतलं आहे.

तुझा भाचा"