रोशनीच्या शिंका आणि माझी सप्तपर्णी

सोनिका हेडाऊबद्दल मी गोड गोड लिहीन अशी आशा कोणी ठेवू नये. नागपुरातल्या आमच्या लेआउटमध्ये, सगळ्या वस्तीत, तिच्याइतकी भांडकुदळ बाई दुसरी नाही, आणि हे मी सांगतेय, जी स्वतः काही कमी नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. साठ-साठ पोट्ट्यांचा वर्ग नुसती मान वर करून गप्प बसवला. आणि ही बाई माझ्या फाटकात उभी राहून मला म्हणते, "इंदुताई मॅडम, तुमचं विज्ञान तुमच्या शाळेत ठेवा." हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तिचं माहेर उमरेडचं, विणकराचं. बाप, आजा सगळे मागावर बसणारे. माग कधीच बंद पडला, पण तोरा काही गेला नाही. "आमच्या घरची बाई कधी रस्त्यावर कामाले गेली नाही," हे ती नळावर, दुकानात, भाजीच्या गाडीवर, जिथे कान सापडेल तिथे ऐकवायची. नवरा पंकज टेम्पो चालवतो. संत्र्याच्या हंगामात काटोलला माल भरायला गेला की दोन-दोन दिवस घरी येत नाही. माणूस गरीब, तोंडातून शब्द निघत नाही बिचाऱ्याच्या. निघणार कसा? निघायला जागाच नाही!

दोन वर्षांपूर्वी सोनिका कामाला जायला लागली. सकाळी सातला टापटीप साडी, खांद्याला पिशवी. गल्लीला सांगितलं, "शिवणकामाले जातो." मीही मान हलवली. मग एका सकाळी मी फिरत फिरत रिंग रोडपर्यंत गेले, तर मोकळ्या प्लॉटवर सात-आठ बाया कमरेइतक्या गाजरगवतात उभ्या. हातात विळे. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, नाकातोंडाला पदर करकचून बांधलेला. त्यातली एक सोनिका. ठेकेदाराकडे गवत उपटायचं काम करत होती. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मी घरी आले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, मोठी आली शिवणकामवाली.

त्याच वर्षी पावसाळा सरताना तिच्या पोरीला शिंका सुरू झाल्या. रोशनी तेव्हा पाच वर्षांची. एकदा शिंकायला लागली की वीस-पंचवीस शिंका, डोळे लालभडक, नाक वाहतंय, आणि संध्याकाळ झाली की छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. सोनिकाने काय नाही केलं? वाफ दिली, निलगिरी लावली, हळदीचं दूध पाजलं. मीठ-मिरचीने नजर काढली, तर त्या ठसक्याने पोर आणखी बेजार झाली. थंडी पडली तेव्हा आपोआप थांबलं. दुसऱ्या वर्षी पाऊस संपला आणि पुन्हा तेच. या खेपेला शाळा बुडायला लागली. पोर दोन जिने चढू शकेना. रात्री बसून झोपायची.

मग सोनिका पोरीला घेऊन धरमपेठेतल्या मोठ्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने विचारलं, घरात कुत्रा-मांजर आहे का, धूळ आहे का, आजूबाजूला फुलणारं झाड वगैरे? झाड म्हटल्याबरोबर हिचे कान टवकारले. आई काय करते असं विचारलं, तर म्हणाली, घरीच असतो. औषधाची चिठ्ठी घेतली आणि तडक येऊन माझ्या फाटकापाशी उभी राहिली. "मॅडम, तुमच्या झाडानं माह्या पोरीचा जीव चालला. तोडून टाका."

आता माझं झाड म्हणजे कोणतं, ते सांगते. आमचे हे, चंद्रभान, गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या पुण्यानुमोदनाला बुद्धविहारातल्या मंडळींनी ठरवलं की एक झाड लावायचं. भिक्खूंची पहिली धम्मसंगीती, म्हणजे सभा, ज्या गुहेत झाली तिचं नाव सप्तपर्णी, म्हणून सप्तपर्णीचं रोप आणलं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लावलं. मी बादलीने पाणी घालून जगवलं. आता दुमजली उंच झालं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुलायचं, आणि वास? वास जबरदस्त, ते मी नाकारत नाही. काहींचं डोकं दुखतं. पण मी शांतपणे तिला समजावलं. म्हटलं, "सोनिका, याच्या फुलांवर किडे येतात, तेच पराग नेतात. वास आला म्हणजे पराग नाकात गेले असं नाही वं. अन् झाड अकरा वर्षांचं आहे, पोट्टी दोन वर्षांपासून आजारी आहे. जरा डोकं चालव."

"मंग कशानं होऊन राहिलं, सांगा नं! तुम्हाले तर सगळं येते!"

तेव्हा मी खरंच सांगायला हवं होतं. पण तिने विचारलं कुठे होतं? ती ओरडत होती. आणि वरून तो विज्ञानाचा टोमणा मारून गेली.

दुसऱ्या दिवसापासून नवीन नाटक. संध्याकाळी पाचला ती कामावरून यायची. पोर धावत रस्त्यावर जायची. सोनिका स्वतःच्या तोंडाचा पदर सोडायची आणि तोच पदर पोरीच्या नाकातोंडाला गुंडाळायची. मग माझ्या फाटकासमोरून मला दाखवत दाखवत, जणू इथे काही सडलंय असं तोंड करून जायची. मी व्हरांड्यात चहा घेत बसलेली असायचे. पहिल्या दिवशी मला नुसता राग आला. दुसऱ्या दिवशी त्या पदराकडे नीट पाहिलं. गाजरगवताची ती बारीक पांढरी फुलं पदराला चिकटलेली होती. दिवसभर गवताच्या धुरळ्यात हिने जो पदर चाळणीसारखा नाकाला बांधला, तो आता पोरीच्या श्वासावर. काम दोन वर्षांचं, शिंका दोन वर्षांच्या. गवत फुलतं पावसानंतर, पोर आजारी पडते पावसानंतर. सातवीच्या पोराला सुटेल असं गणित होतं.

मी चहा संपवला. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सकाळी काय, तर बाईने गल्लीतून झाडाविरुद्ध सह्या गोळा केलेल्या! ज्यांच्या पोरांना मी फुकटात शिकवलं त्यांनीही सह्या ठोकल्या. महापालिकेची फांद्या छाटायची परवानगी आली. फांद्याच फक्त. पण मी मुलाकडे पुण्याला चार दिवस गेले, तेवढ्यात हिने तिच्या ठेकेदाराची माणसं आणली आणि झाड बुडापासून कापलं. परत आले तर फाटकाबाहेर ऊनच ऊन. मी तिच्या दारात गेले. "काय केलं वं तू हे? काय केलं?" माझा आवाज फाटला होता. ती चौकटीत उभी राहिली, हात कमरेवर. "पोरीपेक्षा झाड मोठं आहे का, मॅडम? तुमचं माणूस गेलं, त्याले मी काय करू? माही जित्ती आहे, तिले जगू द्या नं."

त्या दिवशी मी ठरवलं. आता तोंड उघडायचं नाही. बघ म्हटलं. झाड गेलं, आता कोणाला धरशील?

आणि मी बघत राहिले. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. रोशनीच्या शिंका माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. मी मोजायचे. सोनिका आता म्हणायला लागली की बुंध्यातून वास येतो. बुंध्यावर रॉकेल ओतलं. मग म्हणे पलीकडच्या गल्लीतली सुबाभूळ. मी मनात म्हणायचे, हो, आता सगळ्या नागपुरातली झाडं तोड. आणि रोज पाचला तो पदर, रोज पोरीच्या तोंडाला, आता धुळीसाठी. मी स्वतःला सांगायचे, मी बोलले तर हिचं गवत उपटणं गल्लीत उघडं पडेल, मी तर हिची अब्रू राखतेय. असं आहे. माणूस स्वतःशी किती छान बोलतो!

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस सहाच्या सुमाराला फाटक जोरात वाजलं. सोनिका. कडेवर रोशनी, ओठ जांभळट, मान मागे टाकलेली, बरगड्या आत-बाहेर होत होत्या. पंकज काटोलला. "काकू, गाडी काढा!" भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच मॅडमची काकू झाले मी.

मी स्कूटर काढली. मागे सोनिका, मध्ये पोर. चौकात गर्दी, धूर. माझ्या पाठीला पोरीच्या छातीची घरघर कळत होती. आरशात पाहिलं तर सोनिकाने पदर सोडला होता आणि पोरीच्या तोंडाभोवती गुंडाळत होती. कामावरून नुकतीच आलेली, साडी तीच.

मी भररस्त्यात ब्रेक मारला. मागून शिव्या आल्या. "पदर काढ तिच्या तोंडावरचा!"

"काहून? धूर आहे नं!"

"काढ म्हणते नं! फेक तो!" मी माझी धुतलेली ओढणी गळ्यातून ओढली आणि तिच्या हातात कोंबली. ती माझ्याकडे वेड लागल्यासारखी पाहत राहिली, पण काढला तिने.

दवाखाना जवळचाच होता. तरुण डॉक्टरीण. पोरीला लगेच वाफेच्या मशीनवर घेतलं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने घरघर उतरली, ओठांवर रंग आला. मग तिने कागद पुढे ओढला. कधीपासून, कोणत्या महिन्यात, सगळं विचारलं. "आई काय काम करते?"

"घरीच असतो मी," सोनिका म्हणाली.

मी उभीच होते. "खोटं नको बोलू वं. डॉक्टर, ही दोन वर्षांपासून दिवसभर गाजरगवत उपटते. ज्या पदराने स्वतःचं तोंड बांधते, त्याच पदरात पोरीचं तोंड गुंडाळते."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. ती ओरडली नाही. नीट सांगितलं. गाजरगवताचे पराग कपड्यांना, केसांना चिकटून घरी येतात. तपासणी पुढच्या आठवड्यात करू, पण उद्यापासून एवढं करायचं: कामावरून आल्यावर आधी अंघोळ, केसांवरून पाणी, कपडे वेगळे भिजवायचे. नाकात मारायचा फवारा रोज, पंप जवळ ठेवायचा. आणि अंघोळ झाल्याशिवाय पोरीला जवळ घ्यायचं नाही.

सोनिका पलंगाला टेकून बसली होती. ती उठली, स्टूल उचललं आणि भिंतीपाशी जाऊन बसली. रोशनीने हात लांब केला, "आई, ये नं." सोनिकाने दोन्ही हात पाठीमागे धरले. रडत होती, पण हात काही पुढे आणले नाहीत. "इथंच आहो मी, बाई. इथंच आहो." मी खिडकीकडे तोंड केलं.

रोशनीला मी बाहेर औषधाच्या दुकानाच्या बाकावर बसवलं. तिथे उभ्या असताना सोनिकाने मला विचारलं, अगदी हळू. या बाईचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काकू, हे तुम्हाले आत्ता गाडीवर सुचलं का?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. तिने विश्वास ठेवला असता.

"नाही," मी म्हटलं. "झाड तोडायच्या आधीपासून माहीत होतं."

मला वाटलं आता ती भर चौकात माझ्या झिंज्या उपटेल. मी तयार होते. ती म्हणाली, "मी तुमचं झाड तोडलं ते माह्या पोरीसाठी. तुम्ही तिले तशी पाहत राहिल्या, ते कोणासाठी?"

मी औषधाचे पैसे द्यायला पुढे झाले. तिने माझा हात बाजूला केला आणि रिक्षाला हात दाखवला. रोशनीला दुकानात काम करणाऱ्या मुलीने उचलून रिक्षात ठेवलं. सोनिका तिच्यापासून सरकून कडेला बसली.

आता रोशनी बरी आहे. तपासणीत गाजरगवतच निघालं. रोज शाळेत जाते, जिने चढते, गल्लीत ओरडते आईसारखीच. सोनिका काम सोडू शकत नाही, तेच करते. पाचला येते, अंगणातल्या मोरीत पडदा लावून अंघोळ करते, तोवर पोर दारात बसून वाट पाहते. आपण गवत उपटतो हे तिने स्वतःच नळावर सगळ्या बायांना सांगितलं, पोरं सांभाळा म्हणून. का, कसं, कोणत्या पदराने, सगळं सांगितलं. माझं गप्प राहणं तेवढं कोणाला सांगितलं नाही. रोज कान देऊन असते मी, पण गल्लीत अजून तो विषय नाही. सोनिका समोरून जाते, मान खाली घालून जाते. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.