खालच्या फ्लॅटची ना-हरकत

नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बरोब्बर माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. गुडघ्यांमुळे आईला उकिडवं बसवेना, म्हणून संडासात कमोड बसवायचा होता. जिन्याखालच्या ऑफिसात मी अर्ज दिला.

त्यांनी चष्मा पुसून नियमांचं पुस्तक उघडलं. "ड्रेनेजच्या लाइनीला हात लावायचा, तर खालच्या सभासदाचं ना-हरकत पत्र लागतं."

"खाली तुम्हीच राहता ना?"

"त्यांना संध्याकाळी घरी भेटा."

माणूस चेष्टा करतोय की काय, मला कळेना. तरी संध्याकाळी गेलो. ते बनियनवर बसून निफाडहून आलेली द्राक्षं खात होते. एक घोस माझ्या हातावर ठेवला आणि सगळी हकिगत पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली. "आईंचे फार हाल होतात हो," म्हणत सही केली. मग हळूच विचारलं, "पण सेक्रेटरी काय म्हणाले? कडक माणूस आहे तो."

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी तीच सही उलटसुलट तपासली आणि परवानगी दिली. अट एकच: खाली गळलं, तर सगळं फोडायचं.

महिन्याभरात त्यांच्या संडासाचं छत ठिबकू लागलं. मी ओशाळून खाली गेलो, तर ठिबकणाऱ्या जागेखाली बादली लावलेली. त्यांनी आधी घराचं दार लावून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "सेक्रेटरींच्या कानावर गेलं, तर फोडायला लावतील."