टोरांटोला नेलेली निळी बॅग

काल माळ्यावरची निळी बॅग खाली काढली, तर तिला अजून गोड्या मसाल्याचा वास येत होता, आणि मला खरवईच्या आमच्या बिल्डिंगमधली ती दुपार आठवली. दादा तेव्हा कॅनडात नोकरीला होता आणि आईबाबा पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाले होते. तीन दिवस टोरांटो दाखवायचं त्यानं ठरवलं होतं. त्याची ईमेल मी सायबर कॅफेतून छापून आणली होती आणि बाबा पंख्याखाली बसून ती मोठ्यानं वाचत होते: पहिल्या दिवशी टॉवर, दुसऱ्या दिवशी बोटीनं बेटावर. वाचनातली बोट सुटायच्या आतच समोरच्या काकू टोरांटोतल्या भाचीसाठी मसाला घेऊन आल्या. मग खालच्यांनी कुणासाठी फणसाचे पापड दिले, कुणी मेतकूट. आई हौसेनं सगळं बॅगेत भरत होती आणि बाबांचे स्वेटर बाहेर निघत होते. शेवटी तळमजल्यावरचे आजोबा लोणचं घेऊन आले. "नातू व्हँकुव्हरला असतो, जाता जाता द्या." बाबा म्हणाले, "अहो, ते काय पुढचं वांगणी स्टेशन आहे का? विमानानं अर्धा दिवस जातो." आजोबा शांतपणे म्हणाले, "मग जेवूनच निघा." बाबांना एवढं हसू आलं की त्यांनी स्वतःच्या हातानं लोणचं बॅगेत ठेवलं. आता पुढच्या आठवड्यात मी टोरांटोला चाललेय. टॉवरचं तिकीट काढलंय म्हटल्यावर आई म्हणाली, "कशाला? पुड्या पोचवता पोचवता आम्ही तरी कुठे वर चढलो? काकूंच्या भाचीच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून अख्खा दिसतो," आणि तिनं मसाल्याची पुडी माझ्या हातात ठेवली.